विश्लेषण : मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणारे वाढवायचे कसे?

लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरमध्ये ‘एक्सझेड’ हे छोटे सॉफ्टवेअर असते. फायलींचा आकार कमी करणे एवढेच त्याचे काम. २९ मार्च २०२४ रोजी त्यात चोरदरवाजा असल्याचे उघड झाले. तेही योगायोगाने : सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले आणि त्यांनी कारण खणून काढले.

चोरदरवाजा आत आला कसा?

लासे कॉलिन हा प्रकल्प अनेक वर्षे जवळपास एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. २०२१च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दुरुस्त्या पाठवू लागले. पुढच्या वर्षी काही अनोळखी खात्यांवरून कॉलिन यांच्यामागे तगादा लागला : काम रखडले आहे, दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा. मदतीला हजर असलेला माणूस एकच. त्याला अधिकार मिळाले आणि दोन वर्षांच्या चोख कामानंतर त्याने डाव साधला.

‘नवख्यांवर विश्वास नको’ हा यातून निघणारा सोपा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कॉलिन यांच्यासोबत आणखी दोघे-तिघे जुने सहकारी असते, तर तगाद्याला जोर आला नसता आणि प्रत्येक बदलावर दुसरी नजर पडली असती.

मग गर्दी जमवली तर?

तो प्रयोगही झाला आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. २०२०मध्ये माहितीच्या फायलीत एखाद-दुसरा शब्द घुसडलेल्या ‘बदलां’चा असा ढीग पडला की, त्याच महिन्यात नियम फिरवावे लागले, स्वतःहून तयारी दाखवणारेच प्रकल्प धरले जाऊ लागले.

नवख्याचा पहिला बदल प्रकल्पाला फुकट पडत नाही. तो कोणीतरी वाचायचा, चालवून पाहायचा, चूक समजावून सांगायची. दहा ओळींपायी तासभर जातो. जुन्या माणसाने त्या दहा मिनिटांत लिहिल्या असत्या. हा वेळ वसूल होतो तो नवखा टिकला तरच. आणि महिनाभर उत्तरच आले नाही तर कोण टिकेल? तुटवडा आहे तो लिहिणाऱ्यांचा नव्हे, तपासणाऱ्यांचा. म्हणून थोडे रुळलेल्यांना लवकरात लवकर तपासणीला बसवणे आणि नवी आवृत्ती बाहेर सोडण्याचा अधिकार मात्र कधीही एकाच्याच हाती न ठेवणे, हा शहाणपणाचा मार्ग.

खर्च कोणी उचलायचा?

२०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ दोष सापडला, तेव्हा निम्म्या इंटरनेटचे कुलूप असलेल्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. मग मोठ्या कंपन्यांना जाग आली. भारतात ‘झिरोधा’ने २०२४मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, हे स्वागतार्हच. पण केवळ धनादेशाने तपासणारा माणूस तयार होत नाही. हेच सॉफ्टवेअर फुकट वापरणाऱ्या पुण्या-बंगळूरुतील कंपन्यांनी आपल्या अनुभवी अभियंत्यांचे आठवड्यातले चार तास, पगारी वेळेतले, या तपासणीला दिले तर ती उणीव भरू लागेल. सध्या हे काम बहुतेकांना रविवारी, घरच्यांची नाराजी पत्करून करावे लागते.