रक्ताने इशारा दिला, पुढे काय?

इंदापूर किंवा बारामती तालुक्यातल्या एखाद्या रुग्णाच्या गालातली कर्करोगाची गाठ काढली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, सगळं निघालं ना?" आज याचे उत्तर पॅथॉलॉजीच्या अहवालातून मिळते. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत का, मानेतल्या गाठींत रोग पोहोचला आहे का, हे पाहून किरणोपचार आणि केमोथेरपी ठरते. तरीही सूक्ष्मदर्शकाला न दिसलेल्या काही पेशी शरीरात मागे राहू शकतात.

त्यांचा माग रक्तातून काढता येईल, अशी आशा आहे. कर्करोगाच्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात आणि काही तासांत नाहीसे होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेला काही आठवडे उलटल्यावरही ते सापडले, तर रोग शिल्लक असल्याचा संशय बळावतो. २०२२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये डोके व मानेच्या कर्करोगाच्या १७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच जणांचा रोग उलटला. त्या पाचही जणांच्या रक्ताने १०८ ते २५३ दिवस आधी इशारा दिला होता.

मात्र इशारा लवकर मिळाला म्हणून रुग्ण वाचतोच असे नाही. त्यावरून उपचार बदलले आणि रुग्णाला लाभ झाला, हे सिद्ध व्हावे लागते. मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगात २०२२ मध्ये तसा पुरावा मिळाला. रक्ततपासणीच्या आधारे निर्णय घेतल्यावर केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आले, तरी रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी असा भक्कम पुरावा अजून उभा राहायचा आहे. पाश्चात्त्य देशांत घशाच्या कर्करोगासाठी विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी वापरली जाते. तंबाखू, गुटखा, सुपारीमुळे होणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना तिचा उपयोग नाही.

म्हणून हे संशोधन इथेच व्हायला हवे. मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की रोग दिसल्यावर, या जुन्या वादाचा निकाल २०१५ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयाने लावला. आधीच काढल्यास तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिल्यास ६७.५ टक्के. रक्ततपासणीचीही अशीच कसोटी लागली पाहिजे आणि तीत ग्रामीण रुग्ण हवेत. विशेष नळीत रक्त काही दिवस टिकते. ते तालुक्यातच घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवता येईल. मजुरी बुडवून शहरात खेपा घालणाऱ्यांना हा मोठा दिलासा ठरेल.

तोवर महागड्या तपासणीसाठी कोणी कर्ज काढू नये आणि 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून फेरतपासणीही चुकवू नये. रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. त्या काळात तोंड व मान नियमित तपासून घेणे आणि तंबाखूची पुडी कायमची सोडणे, याला आज तरी पर्याय नाही.