चित्रातील अवयव आणि संहितेतील ओज

व्हॅटिकनमधील सिस्टाईन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने इ. स. १५०८ ते १५१२ या काळात बायबलमधील सृष्टिकथा चितारली. त्यांतील ‘आदमची निर्मिती’ या चित्रात ईश्वर व देवदूतांना वेढणाऱ्या वस्त्राची बाह्यरेषा मानवी मेंदूच्या मध्यछेदाशी जुळते, असे प्रतिपादन फ्रँक मेशबर्गर या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९९० साली केले. पुढे २०१० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दोघा संशोधकांना याच छतावरील दुसऱ्या एका चित्रात ईश्वराच्या कंठप्रदेशी मस्तिष्कस्तंभ दिसला.

या मतांना आधार अजिबात नाही, असे नव्हे. फ्लॉरेन्सच्या सांतो स्पिरितो मठात मायकेलअँजेलोने शवविच्छेदन केले होते. त्याच्या हयातीतच, १५५३ साली, कोंदिवीने लिहिलेल्या चरित्रात तसा उल्लेख आहे. परंतु चित्रकाराला शारीरज्ञान होते, एवढेच यावरून सिद्ध होते. त्याने अवयव हेतुपूर्वक दडविले, हे सिद्ध होत नाही. शिवाय त्याच वस्त्रात इतर अभ्यासकांना गर्भाशय दिसले आहे. एकाच आकृतीतून दोन भिन्न अवयव निघत असतील, तर आकृतिसाम्य हा हेतू सव्यभिचारी ठरतो.

हा दोष केवळ पाश्चात्त्य कलासमीक्षेचा नाही. ओज म्हणजे कोणी अल्ब्युमिन म्हणतो, कोणी अंतःस्राव, तर कोणी रोगप्रतिकारक्षमता. प्रत्येकाला वर्णनातील एखादे लक्षण जुळलेले दिसते. न जुळणाऱ्या लक्षणांविषयी मात्र मौन असते. अशा समीकरणांनी संहितेचा गौरव होत नाही. उलट, आधुनिक शास्त्राने शिक्कामोर्तब केल्यावाचून ऋषिवचनाला मोल नाही, अशी कबुलीच आपण नकळत देतो.

सुश्रुताचार्यांचा मार्ग याहून कठोर होता. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात ते शव गवतादिकांनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात कुजू देण्यास सांगतात आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, बांबू आदींच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक अवयव डोळ्यांनी पाहावयास लावतात. शास्त्र व प्रत्यक्ष या दोहोंच्या मेळानेच ज्ञान वाढते, ही त्यांची धारणा होती.

म्हणून समीकरण मांडणाऱ्या प्रत्येक वैद्याने जुळणाऱ्या लक्षणांबरोबर न जुळणारी लक्षणेही लिहावीत, ही नम्र विनंती. छतावरील चित्रात मेंदू पाहणाऱ्याची कल्पना चुकली, तरी कोणाचे नुकसान होत नाही. आपल्या कल्पनेवर मात्र रुग्णाची चिकित्सा ठरते.