प्रश्न दोन रुपयांचा नाही!

२४ डिसेंबर हा दिवस देशभर राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या दिवशी शासकीय कार्यालयांत कार्यक्रम होतात, महाविद्यालयांत व्याख्याने होतात, ग्राहक हा बाजारपेठेचा राजा असल्याचे व्यासपीठावरून सांगितले जाते. आणि त्याच संध्याकाळी कर्जत लोकलमधून उतरलेला हा राजा अंबरनाथ वा बदलापूर स्थानकाजवळच्या सुपरमार्केटात शिरतो, महिन्याचा किराणा ढकलगाडीत भरतो, गल्ल्यावर पैसे मोजतो आणि हाती आलेली हातभर लांब पावती न वाचताच पिशवीत टाकतो. दाराशी उभा असलेला पहारेकरी मात्र ती पावती मागून घेतो, पिशवीवर नजर टाकतो, पावतीवर शिक्का मारतो आणि मगच वाट मोकळी करतो. म्हणजे दुकान आपल्या हितासाठी प्रत्येक पावती तपासते. ज्याच्या खिशातून पैसे गेले, तो तपासत नाही. राजा आणि प्रजा यांच्यातील हे नाते विचार करण्याजोगे आहे.

वहीकडून पावतीकडे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही नावे एका दमात घेतली जात असली, तरी तिघांची घडण वेगवेगळी आहे. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. छावणीच्या बराकीत राहून, डोक्यावर गाठोडे घेऊन फिरती विक्री करून या समाजाने गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार अशा पेठा उभ्या केल्या. 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' अशी थट्टा पुष्कळांनी केली. पण शून्यातून उभ्या राहिलेल्या त्या व्यापाराचा पाया गिऱ्हाइकाशी जुळलेल्या ओळखीचा होता, हे थट्टा करणारे विसरले. इ. स. १०६०च्या शिलाहारकालीन शिवमंदिराचे अंबरनाथ पुढे आयुधनिर्माणी आणि कारखान्यांचे गाव झाले. बदलापूर तर कालपरवापर्यंत भातशेतीचे गाव होते. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात पोहोचली. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे येथे आली, आणि त्यांच्या मागोमाग मोठी वातानुकूलित दुकानेही आली.

या स्थित्यंतरात एक साधी गोष्ट हरवली, ती म्हणजे किराण्याची वही. पूर्वी महिन्याच्या सामानाची यादी गृहिणी स्वतः लिहीत असे. वाण्याने माल पाठवला की तोच जिन्नस, तेच वजन, तोच भाव वहीत चढे. महिनाअखेरीस ती वही घरातल्या शाळकरी मुलापुढे ठेवली जाई आणि बेरीज त्याच्याकडून करून घेतली जाई. चूक सापडली तर दुसऱ्या दिवशी वाणी 'राहिलं हो वहिनी' म्हणून दुरुस्त करून देई. त्यात कुणाचा अपमान नसे, भांडणही नसे. हिशेब दोघांचा होता, म्हणून तो दोघांनीही तपासायचा, एवढेच त्यामागचे सूत्र होते. आज हिशेब यंत्र करते. 'यंत्र कसे चुकेल?' या एका समजुतीने तपासण्याची ती पिढीजात सवय मोडीत निघाली.

यंत्र चुकत नाही, पण...

संगणक बेरीज चुकत नाही, हे खरे. पण बेरीज कशाची करायची, हे त्याला माणसेच सांगतात. चुका तेथे होतात.

त्यातील पहिली आपल्याकडची खास चूक. आपल्या देशात प्रत्येक बंद वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. मात्र वेष्टनावरचा बारकोड वस्तू कोणती हे सांगतो, किंमत सांगत नाही. जुना साठा पंचाण्णव रुपयांचा आणि नवा एकशेदोन रुपयांचा असला, तरी दोहोंचा बारकोड बहुधा एकच असतो. अशा वेळी गल्ल्यावरील कर्मचाऱ्याने योग्य किंमत निवडायची असते. मागे वीस जणांची रांग असताना त्याचे बोट पडद्यावरील पहिल्याच आकड्यावर पडते. ग्राहकाच्या हाती जुन्या किमतीचे पुडके येते आणि पावतीवर नवी किंमत.

दुसरी चूक सवलतींची. मांडणीवर 'एकावर एक मोफत' अशी पाटी झळकत असते. पण ती योजना संगणकात चढवलेली नसते, किंवा तिची मुदत काल संपलेली असते आणि पाटी उतरवायची राहून गेलेली असते. तिसरी चूक सुट्या मालाची. साध्या तांदळावर भारी तांदळाचा संकेतांक पडतो, भाजीबरोबर पिशवीचे आणि मिठाईबरोबर खोक्याचे वजन मोजले जाते. वजन निव्वळ मालाचेच झाले पाहिजे, हा कायदा आहे. दिवाळीत मात्र पुठ्ठ्याचे खोके काजूकतलीच्या भावाने घरी येते. चौथी चूक साधी: एकच वस्तू यंत्रापुढून दोनदा जाते.

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५पासून मोठे बदल झाले. साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, केशतेल यांवरील कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. तूप-लोण्यावरील बारा टक्क्यांवरून पाचवर. जुनी किंमत छापलेला माल त्या वेळी दुकानांत होताच आणि त्यावर सुधारित किमतीची चिकटपट्टी लावण्याची मुभा उत्पादकांना मिळाली. शासनाने सोडलेला कर ग्राहकाच्या घरापर्यंत पोहोचला की मधेच अडला, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. ते त्या कुटुंबाच्या पावतीवरच सापडते.

चुका एकाच बाजूला का साचतात?

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. चूक ती चूकच; कधी ग्राहकाच्या विरुद्ध होते, कधी दुकानाच्या, शेवटी सगळे सारखेच होते. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक वाटतो, पण टिकत नाही. दुकानाचे नुकसान करणारी चूक फार काळ लपत नाही. साठ्याची मोजणी होते, गल्ल्याचा ताळा होतो, तूट दिसते आणि चूक दुरुस्त होते. ग्राहकाचे नुकसान करणारी चूक मात्र दुकानाच्या कोणत्याही तपासणीत उघडी पडण्याचे कारण नसते. कारण तेथे तूट नसून वाढावा असतो. ती पकडू शकणारा एकच माणूस असतो, आणि तो पावती न वाचता लोकल गाठण्याच्या घाईत असतो. म्हणून कोणाच्याही मनात लबाडी नसली, तरी चुकांचा ओघ हळूहळू एकाच दिशेने वाहू लागतो.

'दोन रुपयांसाठी कोण वाद घालणार?' हा प्रश्न सुशिक्षित घरांत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एखाद्या दुकानात दिवसाला दीड हजार पावत्या फाटतात आणि प्रत्येकीवर दोन रुपये अधिक लागतात, असे उदाहरणादाखल धरले, तर दिवसाचे तीन हजार आणि वर्षाचे जवळजवळ अकरा लाख रुपये होतात. ग्राहकाचे दोन रुपये एकटे असतात. दुकानातील दोन रुपये एकत्र येतात. शिवाय सगळ्यांचे दोन रुपये सारखे नसतात. दोघे कमावणाऱ्या घराला ते जाणवणार नाहीत. पण फर्निचर बाजारात हमाली करणाऱ्याच्या किंवा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर महिना काढणाऱ्या आजोबांच्या घरी प्रत्येक रुपयाला जागा ठरलेली असते. ज्याला विचारण्याची हिंमत आणि सवड आहे त्याने विचारले, तर दुरुस्त झालेल्या किमतीचा लाभ न विचारू शकणाऱ्यालाही मिळतो. पावती तपासणे म्हणजे चिक्कूपणा नव्हे. ते एक लहानसे समाजकार्य आहे.

परंपरा आणि कायदा

बाजारावर नैतिक अंकुश हवा, हा विचार या भूमीला पाश्चात्त्यांनी शिकवलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष आणि बाजारपेठेसाठी संस्थाध्यक्ष असे स्वतंत्र अधिकारी सांगितले आहेत. वजने-मापे दर चार महिन्यांनी तपासून घ्यावीत, स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा असावा, असे दंडक तेथे आहेत. 'कंटकशोधन' या अधिकरणात तर व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण हे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. व्यापार हा समाजाचा शत्रू नाही. पण त्यातील काटा वेळीच काढला नाही तर तो सगळ्यांनाच बोचतो, हा त्यामागचा विवेक.

स्वतंत्र भारतात या विचाराला संघटित रूप दिले ते महाराष्ट्राने. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा यायला बारा वर्षे होती. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करायचा, मागणी एकत्र नोंदवायची, माल एकत्र घ्यायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत अनेक वर्षे मध्यमवर्गीय वस्त्यांनी अनुभवली. गृहिणी स्वतः वजन करी, स्वतः हिशेब लिही. त्या गच्चीवरच्या किंवा व्हरांड्यातल्या वाटपातून धान्याबरोबर ग्राहकाची जाणीवही घरोघरी गेली.

आज कायदा पूर्वीपेक्षा भक्कम आहे. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. विक्रीची पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहकाला आता आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पूर्वीप्रमाणे विक्रेत्याचे गाव शोधत जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा अधिक घेतल्यास वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. दुधाच्या पिशवीवर 'थंड करण्याचा खर्च' म्हणून वर एक-दोन रुपये घेण्याची जी रीत पडली आहे, तिला कायद्यात आधार नाही. पिशवीचे पैसे आधी कल्पना न देता गल्ल्यावर आकारणे अनुचित आहे, असे राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर २०२०मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात बजावले. आणि मथुरेच्या एका वकिलाने तर १९९९मध्ये रेल्वे तिकिटावर जास्त घेतलेल्या वीस रुपयांसाठी बावीस वर्षे लढा देऊन २०२२मध्ये निकाल मिळवला. प्रत्येकाने बावीस वर्षे लढावे असे कोणी म्हणणार नाही; पण प्रत्येकाने दोन मिनिटे थांबावे, एवढे तरी म्हणता येईल.

दोन मिनिटांची शिस्त

ही शिस्त अवघड नाही. माल यंत्रापुढून जात असताना गप्पा वा मोबाइल बाजूला ठेवून पडद्याकडे पाहावे. बहुतेक पावत्यांवर एकूण नगांची संख्या छापलेली असते. ती पिशवीतील नगांशी जुळते का, हे आधी पाहावे. महागड्या चार-पाच वस्तूंची छापील किंमत पावतीशी ताडावी, सवलतीच्या वस्तूंवर सवलत लागली का ते बघावे, सुट्या मालाचे नाव आणि वजन वाचावे. छापील किमतीवर वेगळा कर चढवला गेला असेल तर तेथेच विचारावे. मोबाइलवरून पैसे देताना भरलेली रक्कम आणि पावतीची रक्कम एकच असल्याची खात्री करावी. सुट्या पैशांऐवजी गोळी-चॉकलेट पुढे आले, तर हसतमुखाने पैसेच मागावेत. या पावत्यांची शाई लवकर उडते, म्हणून महत्त्वाच्या खरेदीच्या पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे. बहुतेक चुका व्यवस्थापकाकडे शांतपणे दाखवताच दुरुस्त होतात. तेथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

मात्र यासोबत दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे की, गल्ल्यावर दिवसभर उभी असणारी मुलगी ही बहुधा याच गावांतल्या एखाद्या कष्टकरी घरातली असते. संगणकात किंमत तिने भरलेली नसते. चूक दाखवताना आवाज चढवून तिचा पाणउतारा करणे म्हणजे जागरूकता नव्हे, तो असंस्कृतपणा आहे. दुसरे पथ्य अधिक कठीण. पावती तपासताना कधी एखादी वस्तू हिशेबात धरायचीच राहून गेली, असेही आढळते. अशा वेळी 'आज दुकानदाराने फेडले' म्हणून मनात खूश होणाऱ्याला उद्या दोन रुपये मागण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. जास्त गेलेले मागणे हा हक्क असेल, तर जास्त आलेले परत करणे हे कर्तव्य आहे. मुलांसमोर ज्या घरात या दोन्ही गोष्टी सहजपणे घडतात, त्या घराला प्रामाणिकपणाचे वेगळे पाठ द्यावे लागत नाहीत.

प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक महिला मंडळात महिन्यातून एकदा चार घरांनी आपापल्या पावत्या घेऊन बसावे. किमती ताडून पाहाव्यात, एकाच दुकानात एकच चूक वारंवार होत असेल तर मिळून लेखी कळवावे. एकट्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होते. चाळीस सह्यांच्या पत्राकडे होत नाही. असे झाले, तर चोख व्यवहार करणाऱ्या दुकानदारालाही त्याच्या सचोटीचे मोल मिळेल, आणि उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या बाजारपेठेत विश्वास हेच खरे भांडवल ठरेल. वाण्याची वही परत येणार नाही. पण ती तपासणारी नजर परत आणणे प्रत्येक घराच्या हाती आहे. त्यासाठी पुढच्या २४ डिसेंबरची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या महिन्याच्या किराण्यापासूनच आरंभ व्हावा.