दिवा मालवण्याचा विवेक

काटकसर हा सद्गुण आहे, हे कोणीही अमान्य करणार नाही. परंतु सद्गुणालाही विवेकाची जोड लागते. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा मालवणे हे सुज्ञ गृहस्थाचे लक्षण होय. मात्र कोट्यवधी घरांनी एकाच क्षणी दिवे मालवले, तर त्यातून काय निष्पन्न होते, याचा विचार सहसा केला जात नाही.

विजेचा स्वभाव धान्यासारखा नाही. धान्य कणगीत भरून ठेवता येते, पाणी रांजणात साठवता येते. वीज मात्र तारांमध्ये साठून राहत नाही. मोठ्या बॅटऱ्यांत किंवा उंचावरील जलाशयांच्या साह्याने तिची थोडीबहुत साठवण होते, परंतु देशाच्या गरजेपुढे ती अल्पच आहे. म्हणून ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती, हा विजेच्या जाळ्याचा पहिला नियम होय. आपल्या देशात प्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५० असावीत, असे ठरलेले आहे. मागणी वाढली की जनित्रांवर ओझे पडून ही आवर्तने मंदावतात. मागणी घटली की ती वाढतात. हा तोल फारच ढळला, तर यंत्रे स्वसंरक्षणासाठी जाळ्यापासून आपोआप अलग होतात आणि प्रांतच्या प्रांत अंधारात बुडतात. २०१२ च्या जुलै महिन्यात, ३० व ३१ तारखांना, वाहिन्यांवरील भार असह्य होऊन अशीच आपत्ती ओढवली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील साठ कोटींहून अधिक वस्तीच्या प्रदेशाचा वीजपुरवठा कोलमडला.

याच जाळ्याची २०२० मध्ये उलट बाजूने परीक्षा झाली. कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. लोकांच्या एकजुटीचे दर्शन घडावे म्हणून ५ एप्रिल रोजी रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी ३ एप्रिल रोजी केले. वीज वाचवणे हा त्यामागील हेतू नव्हता. पण जाळ्याला हेतू कळत नाहीत, भार तेवढा कळतो. पंखे, शीतकपाटे आणि रस्त्यांवरील दिवे चालू ठेवावेत, अशी सूचना देण्यात आली. मागणी १२ ते १३ हजार मेगावॉटने घटेल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने घटली! एक लाख सतरा हजारांवरून ती काही मिनिटांत शहाऐंशी हजारांच्या आसपास आली आणि थोड्याच वेळात पुन्हा वर चढू लागली.

तरीही देश अंधारात बुडाला नाही. कोळशाच्या केंद्रातील बाष्पयंत्र क्षणात मंद वा शीघ्र करता येत नाही. पाण्यावर चालणारे चक्र मात्र झडप लोटताच आवरते आणि उघडताच पुन्हा वेग घेते. हे ओळखून त्या रात्री जलविद्युत् केंद्रे आधीपासून सज्ज ठेवली होती. त्यांनी पंचवीस मिनिटांच्या आत आपली निर्मिती सतरा हजार मेगावॉटहून अधिक उतरवली व नंतर पुन्हा चढवली. भार प्रेषण केंद्रांतील अभियंत्यांचे हे कौशल्य निःसंशय कौतुकास्पद होय. परंतु ज्या कृतीसाठी एवढी दक्षता बाळगावी लागते, तिला काटकसर म्हणता येणार नाही.

तर मग दिवे मालवूच नयेत काय? असा निष्कर्ष काढणे ही मोठीच चूक होईल. वीस वॉटची नळी नऊ मिनिटे विझवली, तर अवघ्या तीन सहस्रांश युनिटची बचत होते. तीच नळी रोज दोन तास विनाकारण जळत असेल आणि ती सवय मोडली, तर वर्षाकाठी साडेचौदा युनिटे वाचतात. थेंबे थेंबे तळे साचते ते असे. शिवाय घरोघरी आपापल्या वेळी मालवलेला दिवा जाळ्याला धक्का देत नाही. मागणी हळूहळू उतरते, ती उतरल्याचे केंद्रांच्या हिशेबात येते आणि तितका कोळसा जाळावा लागत नाही.

यातही वेळेचे तारतम्य आहे. दुपारी सूर्यकिरणांपासून वीज मिळते. सूर्य मावळला की ती थांबते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. ही सांजवेळ जाळ्याला सर्वांत अवघड. त्या वेळी वाचलेल्या युनिटचे मोल अधिक, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी धरावे.

मनुष्याला सोहळा आवडतो आणि व्रत कंटाळवाणे वाटते. सोहळ्याला साथ मिळते, साक्षीदार मिळतात. खोलीतून बाहेर पडताना बटणाकडे जाणारा हात कोणी पाहत नाही. परंतु राष्ट्राची संपत्ती रक्षिली जाते ती अशाच न पाहिलेल्या हातांनी. ठरावीक दिवशी अवघ्या गावाने मिळून दिवा मालवण्यापेक्षा, प्रत्येकाने नको असलेला दिवा रोज मालवावा. खरी काटकसर ती हीच.