तेच विष, तीच निद्रा

मातेने मोठ्या विश्वासाने खोकल्याच्या औषधाचा चमचा बालकाच्या ओठांस लावावा आणि त्या चमच्यात विष निघावे, याहून दारुण प्रसंग कोणता? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात हेच घडले. वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. कित्येकांना उपचारार्थ नागपुरास आणले होते. परंतु उपाय हाती राहिला नव्हता. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य शेकडा ४८.६ आढळले. त्याची मर्यादा शेकडा ०.१ आहे!

यास दैवाचा घाला म्हणणे ही आत्मवंचना होय. हे विष वैद्यकशास्त्राच्या जुन्या ओळखीचे आहे. १९३७ साली अमेरिकेत त्याने शंभरावर बळी घेतले आणि दुसऱ्याच वर्षी तेथे नवे औषध निर्धोक असल्याचे विक्रीपूर्वी दाखविण्याचे बंधन कायद्याने घातले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून तेच विष पोटात जाऊन चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ साली गांबियातील बालमृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या चार औषधांविषयी जगास सावध केले. इतके होऊनही आम्ही जागे झालो नाही, हे कोणत्या तोंडाने सांगावे?

हे द्रव्य गोडसर व रंगहीन असते. औषधात वापरावयाच्या शुद्ध द्रावकाहून ते डोळ्यांस वेगळे दिसत नाही आणि किमतीने स्वस्त पडते. मात्र प्रयोगशाळेत ते लपत नाही. द्रावकाच्या प्रत्येक पिंपातील नमुना औषध तयार करण्यापूर्वी तपासला, तर अनर्थ कारखान्याच्या दारातच अडतो.

१ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधास नेमून दिलेल्या प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. छिंदवाड्याच्या दुकानात पोचलेल्या बाटलीची परीक्षा मात्र कारखानदारावरच सोपविलेली होती. परक्याच्या लेकरासाठी पहारा आणि आपल्या लेकरासाठी केवळ भरवसा, हा कोणता न्याय?

अशा तपासणीने लहान कारखान्यांवर बोजा पडेल, असे सांगण्यात येते. ज्यास शुद्धतेचा खर्च झेपत नाही, त्याने औषधाचा व्यवसाय करू नये, हेच त्यास आमचे उत्तर आहे. कारखान्याचा मालक व औषध लिहून देणारा डॉक्टर यांना अटक झाली. दोष सिद्ध झाल्यास त्यांस शिक्षा व्हावीच; परंतु शिक्षा ही मृत्यूनंतरची गोष्ट आहे, आणि तपासणी मृत्यूपूर्वीची.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. निर्यातीस लावलेली कसोटी देशातील प्रत्येक बाटलीस लावा; आणि एका भागात दोन-तीन बालकांची लघवी अकस्मात बंद झाल्याचे दिसताच, डॉक्टरांनी त्याच दिवशी आरोग्य खात्यास कळवावे व संशयित औषध तत्काळ दुकानांतून उचलावे, असा नियम करा. चौकशी आयोग पुष्कळ झाले. आता आयोगाची पाळीच येऊ नये!