सत्राचा ताळेबंद

दिवाळी आली की आपल्या घरांत वह्यांना मान मिळतो. अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक आणि चोपडापूजन. पाठोपाठ कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमीची आराधना. एक वही व्यापाराची, दुसरी विद्येची. शाळांचे पहिले सत्रही याच सुमारास संपते.

यंदा पूजेसाठी आणलेल्या वह्यांपैकी एक आठवीतल्या नातवाने मागून घेतली. "दादाजी, मला माझ्या सत्राचा हिशेब लिहायचा आहे," तो म्हणाला. मला कौतुक वाटले. जमा आणि नावे अशा दोन बाजू मीच त्याला आखून दिल्या.

दुसऱ्या दिवशी वही माझ्यापुढे आली. जमेला निबंधातील चांगले गुण होते, कबड्डीच्या संघातील निवड होती, आजारी मित्राला घरी नेऊन दिलेला गृहपाठ होता. नावे बाजूला तीन ओळी होत्या. गणितात १०० पैकी ३८. भूमितीची वही मित्राची पाहून उतरवली. आणि तिसरी ओळ अशी : उत्तरपत्रिका आठ दिवस दप्तरात लपवली व ती मिळाली नाही असे दादाजींना खोटे सांगितले.

"लपवलीस कशाला?" मी विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दुकानात सगळ्यांसमोर माझे गुण सांगता. मागच्या वेळी गिऱ्हाइके हसली होती."

रविवार कारंज्याजवळच्या दुकानात गल्ल्यावर बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांची उधारी लिहिली. ही नोंद मात्र माझ्याच खात्यावर पडायची राहिली होती. संवत्सरीला मी शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले. त्यांतील पुष्कळांचा माझ्याशी वर्षभर संबंधही आला नव्हता. ज्याला दुखावले तो मुलगा माझ्याच पंगतीला जेवत होता. त्या दिवशी मी त्याच्यापुढे हात जोडले. तो गोंधळला, पण त्याचे डोळे निवळले.

वाचकहो, आपल्या आवश्यक सूत्रात सहा आवश्यकांचा एक क्रम आहे : सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदना, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान. चौथ्या आवश्यकात दोषांची कबुली आहे, सहाव्यात पुढचा संकल्प. या दोहोंमध्ये कायोत्सर्ग आहे, म्हणजे देहाची ममता सोडून स्तब्ध राहणे. आपण घरी काय करतो? गुणपत्रिका हाती पडताच रागावतो आणि त्याच दमात शिकवणीचा वर्ग व नवे वेळापत्रक ठरवून टाकतो. मधली स्तब्धता आपण गाळतो. तिच्याअभावी मूल संकल्प करते ते भीतीपोटी, आणि भीतीचा संकल्प लपवाछपवीत संपतो.

स्वतःचा हिशेब मांडण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. जौनपूरच्या जैन व्यापारी कुळात १५८६ मध्ये जन्मलेल्या बनारसीदासांनी १६४१ मध्ये 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिले. व्यापारात आलेली ठोकर त्यांनी झाकली नाही. शेवटी तर स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही मांडून ठेवले. त्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते. आमचा नातू तेरा वर्षांचा आहे. त्याने मोकळेपणे लिहिलेली ती तिसरी ओळ मला गणितातील गुणांहून मोलाची वाटते.

दोन दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही. ज्ञानपंचमीला पुस्तकांना वंदन झाल्यावर त्याने पुढचा संकल्प लिहिला. ९० गुण मिळवीन, असे तो प्रथम लिहू लागला होता. मी त्याला पच्चक्खाणाची रीत सांगितली. नवकारसीला सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची मुदत असते. व्रत आपल्या शक्तीइतकेच घ्यायचे असते. आणि विस्मृतीने किंवा अवचित काही घडले तर त्यासाठी आगार, म्हणजे सवलतही आधीच सांगितलेली असते. गुण किती मिळतील हे आपल्या हाती नसते. बसणे आपल्या हाती असते. तेव्हा त्याने लिहिले : पुढच्या चाचणीपर्यंत रोज एका सामायिकाइतका वेळ, ४८ मिनिटे, गणित, मोबाइल दुसऱ्या खोलीत, अडलेले उदाहरण उतरवून न घेता गुरुजींना विचारणे. आगार : ताप किंवा प्रवास.

त्याच पानावर खाली मी माझे पच्चक्खाण लिहिले : याचे गुण दुकानात सांगणार नाही, चांगले असले तरी. त्याला आगार ठेवलेला नाही.

चाचणी अजून व्हायची आहे. गणित किती सुधारेल ते तेव्हा कळेल. परवा मात्र त्याने वर्गातील एक चुकलेले उदाहरण आपणहून आणून दाखवले. मी चष्मा लावला आणि दोघेही त्यावर बसलो. मलाही ते सुटले नाही. उद्या गुरुजींना विचारायचे ठरले आहे.