अज्ञानाची जकात

१ मे २०१४ रोजी, हापूसचा हंगाम ऐन भरात असताना, युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दारे बंद केली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकले. आंब्यावरची बंदी उठायला २०१५ चा जानेवारी उजाडावा लागला. त्याआधी २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षांवर असाच घाला पडला होता. बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर आढळला, युरोपच्या बंदरांत कंटेनर खोळंबले आणि कर्ज काढून बाग उभी केलेला शेतकरी उघड्यावर आला. दोन्ही वेळा नियम बागेपर्यंत पोहोचला तो माल अडल्यानंतर. ज्या समाजात युरोपचा अभ्यास होत नाही, त्या समाजाने भरलेली ही अज्ञानाची जकात होती. आज तिचा दर वाढतो आहे, आणि ज्यांनी सावध करायचे ती आमची विद्यापीठे निद्रिस्त आहेत.

राज्यातल्या एका विद्यापीठात युरोपच्या हवामान धोरणावरील जाहीर व्याख्यानाला आम्ही उपस्थित होतो. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात अकरा माणसे, त्यांतली सात हजेरीसाठी बसवलेली. समई पेटली, शाल-श्रीफळ झाले, आणि प्रास्ताविक, परिचय व मनोगते यांतच पाऊण तास गेला. वक्त्याच्या वाट्याला उरली जेमतेम पस्तीस मिनिटे. तेवढ्यात त्यांनी जे सांगितले ते पुणे-चाकणच्या प्रत्येक लघुउद्योजकाने ऐकायला हवे होते, पण उद्योजकांच्या एकाही संघटनेला निमंत्रण नव्हते. शेवटी तीन प्रश्न आले, तिन्ही शिष्यवृत्ती आणि व्हिसाविषयी. त्याच आवारात परदेशी शिक्षणाच्या मेळाव्याला मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. युरोप म्हणजे गाठायचे ठिकाण, समजून घ्यायचा विषय नव्हे, ही शिकवण त्यांना विद्यापीठानेच दिली आहे.

ही अवनती ज्या भूमीत घडली तिचा वारसा आठवला की संताप अनावर होतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८७७ मध्ये मुंबई विद्यापीठात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी भाषाशास्त्रावर विल्सन व्याख्याने दिली, आणि १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत ते युरोपीय पंडितांच्या पंक्तीला बसले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच जर्मन पंडित मार्टिन हाउग आणि फ्रान्झ कीलहॉर्न पुण्यात, गेओर्ग ब्यूहलर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करत होते. आमच्या शास्त्र्यांच्या पायाशी बसून मिळवलेली विद्या त्यांनी पुढे म्युनिक, गॉटिंगेन आणि व्हिएन्ना येथील अध्यासनांवर नेली. युरोपने आम्हाला इतक्या बारकाईने वाचले. आम्ही युरोपला उलटून वाचण्याची व्यवस्थाच उभारली नाही. भाषेचे प्रमाणपत्र वर्ग चालवले आणि त्यालाच युरोपविद्या समजलो.

आता हिशेब मांडू. कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, म्हणजे पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या निर्मितीत झालेल्या कर्बउत्सर्जनावर युरोपच्या सीमेवर आकारायचे मूल्य, हा प्रस्ताव जुलै २०२१ मध्ये जाहीर झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणे बंधनकारक झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक दायित्व सुरू झाले. प्रस्ताव ते दायित्व, मध्ये साडेचार वर्षे. युरोपीय कायदा असा संथ आणि उघड्यावर घडतो. आयोग मसुदा मांडतो, संसद आणि मंत्रिपरिषद त्यावर झगडतात, दुरुस्त्या होतात आणि बहुतेक कागद कुणालाही वाचता येतात. साडेचार वर्षांच्या त्या अवधीत किती विद्यापीठांनी औद्योगिक वसाहतीत जाऊन मराठीतून हा विषय उलगडला? नट-बोल्टसुद्धा या यंत्रणेच्या कक्षेत येतात. पैसे तिकडचा आयातदार भरेल हे खरे, पण उत्सर्जनाचा हिशेब तो इकडच्या कारखानदाराकडेच मागणार. ज्याच्याकडे तो नसेल त्याची मागणी दुसऱ्याकडे जाईल, आणि मागोमाग त्याच्या कामगाराची रोजी.

माणसांचेही तेच. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि दहा हजार तरुणांची भाषा झाली. पुढच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी २०२५ च्या जर्मन निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा ‘एएफडी’ हा पक्ष २०.८ टक्के मते मिळवून दुसऱ्या क्रमांकावर आला. आपल्या मुलाला ज्या समाजात पाठवायचे त्याच्या मनात काय खदखदते आहे, तिथल्या कामगार संघटना कशा चालतात, अन्याय झाल्यास दाद कुठे मागायची, हे त्या मुलाला कोण सांगणार? जर्मन व्याकरणाच्या वर्गात हे शिकवले जात नाही. अडते-दलाल तर सांगणारच नाहीत.

सर्वांत मोठी हानी मात्र अशी आहे की ती भरूनच निघणार नाही. गोव्याचे अभिलेखागार १५९५ मध्ये स्थापन झाले आणि दियोगो दो कोतो त्याचा पहिला प्रमुख होता. मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा ठेवा तिथे पोर्तुगीज भाषेत पडून आहे. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी (१८९४–१९६९) आयुष्य वेचून त्यातला काही भाग उजेडात आणला. शिवचरित्राचे एक आद्य युरोपीय पुस्तक, कॉस्मे द गार्दाचे, १७३० मध्ये लिस्बनला पोर्तुगीजमध्येच छापले गेले. वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या भिंती ढासळताना आपल्याला दिसतात, पण तिथल्या व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार हेगच्या अभिलेखागारात आहे आणि तो वाचायला जुनी डच भाषा लागते. गोव्यात ज्यांचे शालेय शिक्षणच पोर्तुगीजमधून झाले, ती पिढी आता सत्तरी ओलांडून गेली. तिच्यापाठोपाठ जुने हस्ताक्षर लावणारे डोळेही मिटतील. शिवरायांच्या नावाने दर आठवड्याला मिरवणूक काढणाऱ्या राज्याला, त्यांच्याविषयी त्यांच्या समकालीन परकीयांनी काय लिहिले ते वाचणारी दहा माणसे तयार करावीशी वाटू नयेत, यापरते दैन्य कोणते?

काही कार्यक्रम होतात, हे मान्य. पण त्यांतले किती स्वतःच्या पैशाने होतात? युरोपीय संघ १९८९ मध्ये सुरू झालेल्या ज्याँ मोने योजनेतून आज जगभर स्वतःविषयीच्या अध्यापनाला अनुदान देतो. ते त्याचे काम आहे आणि ते तो चोख करतो. मात्र दुसऱ्याच्या पैशाने भरलेल्या सभेत त्याचाच विषयक्रम चालतो. द्राक्ष बागायतदाराचा प्रश्न त्या विषयक्रमात येत नाही, कार्बनमूल्याच्या न्याय्यतेवरचा भारतीय आक्षेप तर शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. आपले प्रश्न घेऊन युरोपकडे पाहणारे अध्यासन आपल्याच तिजोरीतून उभे राहायला हवे.

शासनाने प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवायची आणि विद्यापीठांनी त्या रिक्ततेकडे बोट दाखवून हात झटकायचे, हा खेळ पुरे झाला. एक व्याख्यान घ्यायला नवी इमारत लागत नाही. एक अभ्यासू माणूस, मराठी भाषा आणि योग्य जागा एवढे पुरते. ती जागा नाशिकची बाजार समिती असू शकते, रत्नागिरीची आंबा बागायतदारांची सभा किंवा चाकणच्या वसाहतीतली एखादी शेडही. द्राक्षांचा पुढचा हंगाम कुणासाठी थांबणार नाही. ब्रुसेल्समध्ये या घडीला चर्चेला असलेले मसुदे वाचायला आपल्या विद्यापीठाने कोणाला बसवले आहे, त्या व्यक्तीचे नाव कुलगुरूंनी जाहीर करावे.